कमरेवरच्या व्रणाचे कारण वाचणारे डॉ. खानोलकर

तापी, पांझरा आणि बुराई या नद्यांच्या आधाराने जगणाऱ्या शिंदखेडा तालुक्यात कापसाच्या काळ्या रानात राबणाऱ्या शेतकऱ्याचा वेश पिढ्यानपिढ्या ठरलेला होता. अंगात बंडी, डोक्याला टोपी किंवा पागोटे आणि कमरेला करकचून नेसलेले जाडेभरडे धोतर. बाईच्या कमरेला नऊवारी लुगड्याची तितकीच घट्ट गाठ. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे चढणाऱ्या या मुलखात घाम, धूळ आणि कापडाचा काच हे तिन्ही एकाच रेषेवर, कमरेभोवती एकत्र येत. आयुष्यभर असे वस्त्र नेसणाऱ्यांच्या कमरेवर काळसर, राठ वळ उमटे आणि त्याकडे कोणी आजार म्हणून पाहत नसे. खानदेशात काय किंवा धोतर-लुगडे नेसणाऱ्या उर्वरित महाराष्ट्रात काय, स्थिती सारखीच होती. बहुतेकांच्या बाबतीत तो वळ निरुपद्रवी राहतो. क्वचित एखाद्याच्या कमरेवर मात्र त्या वळाचे रूपांतर व्रणात होते, व्रण महिनोन्‌महिने भरत नाही आणि अखेर तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघतो.

या व्रणाला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतातील विकृतिशास्त्राचा आणि वैद्यकीय संशोधनाचा पाया घालणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या खानोलकरांनी १९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासह अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. धोतराचा कर्करोग हा त्यांपैकी एक. आज पेशींच्या विभाजनाचे चक्र रोखणारी नेमकी औषधे त्वचेच्या कर्करोगावर तपासली जात आहेत. ही औषधे ज्या टप्प्यावर काम करतात, त्याच्या कितीतरी आधीचा टप्पा खानोलकरांनी दाखवून दिला होता. त्यामुळे त्यांचे आयुष्य आणि कार्य नव्याने समजून घेण्यासारखे आहे.

लंडनहून परळला

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. त्या काळी परदेशातून अशी पदवी घेऊन परतलेल्या डॉक्टरपुढे भरभराटीच्या खासगी व्यवसायाची वाट मोकळी असे. खानोलकरांनी अध्यापन आणि प्रयोगशाळा यांची वाट धरली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि त्यानंतर शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद भूषवले.

परळचे हे दुसरे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्यामागे एक राष्ट्रीय आकांक्षा होती. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील महत्त्वाची पदे तेव्हा प्रामुख्याने युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाती असत. आपल्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या महाविद्यालयात भारतीय अध्यापकच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. भारतीय डॉक्टर केवळ रुग्ण तपासण्यापुरते नसून शास्त्रात भर घालू शकतात, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अशा संस्थांमधील पहिल्या पिढीवर आली. खानोलकर त्या पिढीचे प्रतिनिधी होते.

विकृतिशास्त्र हे रुग्णाच्या नजरेआड चालणारे शास्त्र. शरीरातून काढलेला उतीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून रोगाचे निदान करायचे, असे त्याचे स्वरूप. गाठ साधी आहे की कर्करोगाची, हा निर्णय अखेर विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर होतो. खानोलकरांनी या निदानाला आणखी एका प्रश्नाची जोड दिली. हा रोग याच माणसाला आणि याच जागी का झाला, हे विचारण्याची सवय त्यांनी स्वतःला लावली आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही.

हजार रुग्णांचा धडा

मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ कर्करोगावरील अद्ययावत रुग्णालय भारतात उभारावे, ही सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. दोराबजींच्या निधनानंतर त्यांच्या विश्वस्त निधीने ती पूर्ण केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाची धुरा खानोलकरांकडे आली.

कर्करोग हा मुख्यतः पाश्चात्त्यांचा, सुखवस्तू आणि दीर्घायुषी समाजांचा आजार आहे, भारतात तो फारसा नाही, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. परळच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची रांगच या समजुतीला उत्तर देत होती. मुंबई इलाख्याच्या कानाकोपऱ्यातून आणि त्यापलीकडूनही रुग्ण येत. त्यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या तर काय हाती लागू शकते, हे खानोलकरांनी लवकरच दाखवून दिले.

मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. इंग्लंड-अमेरिकेत तुलनेने कमी आढळणारा मुखाचा कर्करोग येथे इतक्या मोठ्या प्रमाणावर का, या प्रश्नाचा रोख तंबाखू चघळण्याकडे आणि ओढण्याकडे वळत होता. पुढे १९५५ साली एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासमवेत त्यांनी तंबाखूचे सेवन आणि तोंड, घसा व अन्ननलिकेचा वरचा भाग यांचे कर्करोग यांतील संबंध ब्रिटनच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात मांडला. बिडी आणि चघळण्याची तंबाखू यांच्या धोक्याविषयी भारतात जे काही शास्त्रीय भान आले, त्याच्या मुळाशी ही नोंदवही आहे.

मुंबईसारख्या शहराचे एक वैशिष्ट्य खानोलकरांनी अचूक हेरले होते. एकाच हवेत, एकाच शहरात वेगवेगळ्या जातिधर्मांचे लोक शेजारी राहत असले, तरी त्यांचे खाणेपिणे, वस्त्रे, विवाहाचे वय आणि व्यसने वेगळी होती. कर्करोगाचे प्रकारही समाजागणिक बदलताना दिसत. पारशी स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग अधिक, तर हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा. फरक रक्तातून आला की राहणीतून, हे ठरवायचे तर दोन्ही बाजू तपासायला हव्यात. म्हणून संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या रक्तगटांचा व अन्य आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास करून तो १९४९ साली प्रसिद्ध केला. सवयींकडे बोट दाखवताना आनुवंशिकतेची बाजूही त्यांनी सोडली नव्हती.

धोतराचा कर्करोग

१९४५ च्या प्रबंधातील तीन प्रकारांपैकी दोन तंबाखूशी संबंधित होते. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाची जाडसर विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची प्रथा होती. तेथे टाळूचा कर्करोग आढळे. बिहारकडे चुन्यात मळलेली तंबाखू, म्हणजे खैनी, खालच्या ओठामागे धरून ठेवत. तेथे नेमक्या त्याच जागी रोग उद्भवे. तिसरा प्रकार धोतराचा. त्यात तंबाखूही नव्हती आणि दुसरे कोणते ज्ञात विषारी द्रव्यही नव्हते.

धोतर कमरेला घट्ट बांधून वर्षानुवर्षे नेसले की त्या रेषेवरची त्वचा सतत घासली जाते. प्रथम तिचा रंग बदलतो, मग ती जाड आणि खवलेदार होते. खाज सुटते, खपल्या धरतात आणि निघतात. कापड रोज त्याच जागी बसत असल्याने जखमेला भरून यायला उसंत मिळत नाही. काहींच्या बाबतीत तेथे जुनाट व्रण तयार होतो आणि दीर्घकाळानंतर त्याच्या कडा जाड, उंचावलेल्या होऊ लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग असतो.

या निरीक्षणाला जागतिक परंपरा होती. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या वृषणावरील त्वचेचा कर्करोग काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये फिरनच्या आत पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद खानोलकरांच्या आधीच झालेली होती. भाजल्याच्या जुन्या वणांवर आणि न भरणाऱ्या व्रणांवर उद्भवणाऱ्या कर्करोगाला फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांच्या नावाने ओळखले जाते. धोतराच्या कर्करोगाने या मालिकेत एक साधे पण अस्वस्थ करणारे सत्य जोडले. काजळी नाही, निखारा नाही, नुसता रोजचा काचही काही शरीरांना पुरेसा ठरू शकतो.

भारतीयांच्या सावळ्या वर्णातील रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या तुलनेत येथे त्वचेचा कर्करोग फारच कमी आढळतो. कमरेची जागा तर बहुधा कापडाखाली झाकलेली. म्हणूनच तेथे उद्भवणाऱ्या कर्करोगाचे कारण सूर्यापेक्षा वस्त्रात शोधावे लागते. रोग दुर्मीळ असला, तरी तो काय शिकवतो हे महत्त्वाचे होते.

संस्था आणि शिष्य

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. रुग्णालयाची गरज भागवणारी प्रयोगशाळा आणि मूलभूत संशोधन करणारी संस्था यांत फरक असतो, हे ओळखून त्यांनी माणसे निवडली आणि घडवली.

पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी काचपात्रात अखंड वाढवण्याचे तंत्र ज्यांनी हेला पेशींच्या रूपाने यशस्वी केले, ते हेच गे. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत भारतातील पहिली उतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशींचे अंतरंग अभ्यासण्याचा विभाग विकसित केला. ज्या काळात प्रयोगशाळांचे दरवाजे स्त्रियांसाठी सहजी उघडत नव्हते, त्या काळात खानोलकरांच्या संस्थेत स्त्रिया स्वतंत्र विभाग चालवत होत्या.

उतीसंवर्धनाचे महत्त्व येथे थांबून सांगायला हवे. सूक्ष्मदर्शकाखालील रंगवलेला काप म्हणजे मेलेल्या पेशींचे एका क्षणाचे चित्र. काचपात्रात वाढणारी पेशी मात्र जिवंत असते. ती केव्हा फुगते, केव्हा आपल्या गुणसूत्रांची प्रत काढते, केव्हा दोन होते, हे पाहता येते आणि तिच्यावर एखादे औषध टाकून हे चक्र कोठे अडते, तेही तपासता येते. त्वचेच्या कर्करोगावरील आजची औषधे ज्या ज्ञानावर उभी आहेत, त्याचे एक मूळ अशा प्रयोगशाळांत आहे.

खानोलकरांचे दुसरे मोठे कार्य कुष्ठरोगातील. त्वचेवरील अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचा सूक्ष्म अभ्यास करून जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंपर्यंत कसे पोहोचतात, याविषयी त्यांनी महत्त्वाची निरीक्षणे मांडली. रोगाची बाह्य लक्षणे दिसण्यापूर्वी एक मूक अवस्था असते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली कुष्ठरुग्णाच्या उतीतून वेगळ्या केलेल्या एका जंतूचे संवर्धन केले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला गेला आणि कुष्ठरोगावरील लस विकसित करण्याच्या पुढील प्रयत्नांचा तो आधार ठरला. दोन्ही विषयांत त्यांची पद्धत एकच होती. रोग पूर्ण फुललेला असताना सर्वच पाहतात, तो सुरू होताना पाहायला हवा, हा त्यांचा आग्रह होता.

भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संघटनांत त्यांनी जबाबदारीची पदे सांभाळली आणि अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीवर भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय प्राध्यापकपद आणि पद्मभूषण हे बहुमान त्यांना मिळाले. त्यांची संस्था १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेली आणि १९६६ साली रुग्णालय व संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल केंद्र आकाराला आले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले. पुढे संशोधन विभाग नवी मुंबईतील खारघर येथे हलला. तेथील खानोलकर शोधिका ही वास्तू त्यांचे नाव धारण करते.

चक्र कोठे अडवायचे

खानोलकरांच्या हयातीत एक प्रश्न अनुत्तरित होता. नुसत्या घर्षणाने त्वचेची पेशी बंडखोर का व्हावी? याचे उत्तर पेशीचक्राच्या अभ्यासातून मिळत गेले. त्वचेचा वरचा थर सतत झिजतो आणि खालच्या पेशी विभागून त्याची भरपाई करतात. जखम झाली की विभाजनाचा वेग वाढतो आणि ती भरली की थांबतो. रोज नव्याने उकलणाऱ्या व्रणात मात्र हा थांबण्याचा क्षण येतच नाही. पेशी वर्षानुवर्षे विभागत राहतात. प्रत्येक विभाजनात जनुकांची नवी प्रत काढली जाते आणि प्रत जितक्या वेळा काढावी, तितकी चुकीची शक्यता वाढते. त्यातून विभाजनाला लगाम घालणारी जनुकेच बिघडली, तर पेशीला थांबवणारे कोणी उरत नाही.

या लगामाचे स्वरूप उलगडायला तीन दशके लागली. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टच्या पेशींत, तर टिम हंट यांनी समुद्री साळिंदराच्या अंड्यांत विभाजनाचे नियंत्रक शोधले. त्याबद्दल २००१ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर उभी असताना आरबी नावाचे प्रथिन कुलपासारखे काम करते. सायक्लिन नावाच्या प्रथिनांच्या सोबतीने सीडीके-४ आणि सीडीके-६ ही एन्झाइमे ते कुलूप उघडतात. पी-१६ हे तिसरे प्रथिन या एन्झाइमांचा हात धरून ठेवते. १९९४ साली या पी-१६ च्या जनुकातील बिघाड कर्करोगाच्या अनेक पेशींत दिसून आला आणि त्वचेच्या मेलानोमा या घातक कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या काही कुटुंबांतही तो सापडला. त्वचेच्या चपट्या पेशींच्या कर्करोगातही, म्हणजे धोतराच्या कर्करोगाच्या जातकुळीत, हे जनुक अनेकदा बिघडलेले आढळते.

जुनी औषधे या चक्राला आंधळेपणाने भिडत. खानोलकर परळला काम करत असतानाच, १९४८ साली, बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांवर अमिनोप्टेरिन वापरून तात्पुरता उतार मिळवला होता. ते औषध अमेरिकेतील भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते. अशी औषधे जनुकांची प्रत काढण्याच्या कामातच अडथळा आणतात. केसांची मुळे, अस्थिमज्जा, आतड्यांचे अस्तर यांतील निरोगी पेशीही भराभर विभागत असल्याने त्यांनाही त्याचा फटका बसतो.

नव्या औषधांचा नेम अधिक अरुंद आहे. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही औषधे सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना निष्प्रभ करतात. ज्या पेशीत पी-१६ उरलेले नाही, तेथे ती जणू त्याची जागा घेतात. आरबीचे कुलूप बंद राहते आणि पेशी उंबरठ्यावरच थबकते. ती लगेच मरत नाही, वाढायची थांबते. काही पेशी वृद्धावस्थेसारख्या कायमच्या निष्क्रिय स्थितीत जातात. पाल्बोसिक्लिबला २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती स्तनांच्या कर्करोगासाठी आणि त्या रोगात या औषधांनी उपचारांचे चित्र बदलले.

त्वचेच्या कर्करोगात मात्र त्यांचे यश अजून मर्यादित आहे. भारतीयांमध्ये मेलानोमा झाला तर तो अनेकदा तळपायावर होतो आणि या प्रकारात सीडीके-४ चे जनुक वाढलेले असण्याचे प्रमाण लक्षणीय असते. म्हणून अशा रुग्णांवर चीनमध्ये पाल्बोसिक्लिबची छोटी चाचणी झाली. निवडक रुग्णांतच गाठ आक्रसली. पेशी दुसरी वाट शोधतात. आरबीचे कुलूपच मोडले, तर औषधाला धरायला काही उरत नाही, किंवा दुसरी एन्झाइमे सीडीके-४ चे काम उचलतात. पांढऱ्या पेशी कमी होणे हा दुष्परिणामही असतो. त्यामुळे संशोधकांचा भर आता अशी औषधे इतर उपचारांना जोडण्यावर आहे. मेलानोमातील बिघडलेला बीरॅफ संदेश तोडणारी औषधे २०११ पासून वापरात आली. प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणाऱ्या औषधांनी तर अनेकांना दीर्घ आयुष्य दिले. त्यांपैकी सेमिप्लिमॅबला २०१८ साली चपट्या पेशींच्या प्रगत त्वचाकर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशीचक्र रोखणारे औषध अशा मोहिमेत वेळ मिळवून देते. वाढ मंदावते आणि इतर उपचारांना हात टेकायला जागा मिळते.

धागा सैल करण्याचे शास्त्र

या महागड्या औषधांच्या यादीपुढे कमरेवरच्या व्रणाचा विचार केला, की खानोलकरांच्या कामाचे मोल कळते. सुरुवातीच्या अवस्थेत सापडलेला त्वचेचा कर्करोग शल्यक्रियेने पूर्ण काढता येतो आणि बहुसंख्य रुग्ण बरे होतात. तो जांघेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला, की उपचार कठीण, खर्चिक आणि अनिश्चित होतात. त्याच्याही आधी, जेव्हा कमरेवर केवळ खवलेदार वळ असतो, तेव्हा औषधाचीही गरज नसते. गाठ सैल करणे, रोज ती थोडी वरखाली बांधणे, रुंद पट्टा वापरणे आणि त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवणे एवढ्याने पेशींच्या अखंड विभाजनामागचे कारणच दूर होऊ शकते. प्रयोगशाळेतील औषध जे चक्र महत्प्रयासाने थोपवते, ते फिरायला लागण्यापूर्वीच थांबवण्याचा हा मार्ग आहे.

धोतर आता वृद्धांपुरते उरले, म्हणून हा विषय इतिहासजमा झाला असे नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २००५ साली साडीच्या कमरपट्ट्यावर उद्भवलेल्या अशाच कर्करोगाची नोंद केली. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांच्या कमरेवरील कर्करोगाची माहिती ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एकीच्या बाबतीत परकराची घट्ट नाडी कारण ठरली होती. दुसरीने चार दशके लुगडे नेसले होते. तिचा रोग निदान होईपर्यंत जांघेतील ग्रंथीत पोहोचला होता. लुगड्याचा उल्लेख असलेला हा अहवाल वाचताना १९४५ च्या प्रबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे. वस्त्र बदलले, काच तोच राहिला.

शिंदखेड्याहून धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दूर नाही आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग तालुक्यातूनच जातो. अडचण अंतराची कमी आणि संकोचाची अधिक आहे. कमरेवरची जखम, तीही स्त्रीच्या, घरातल्या माणसांनाही दाखवली जात नाही. हळद, तेल, मलम यांत महिने जातात. महिनाभरात न भरलेला, कडा जाड झालेला, स्रवणारा किंवा रक्त येणारा व्रण डॉक्टरांना दाखवावा आणि त्याचा तुकडा तपासून घ्यावा, एवढी एक गोष्ट घरोघरी माहीत झाली, तर त्यातून जितके प्राण वाचतील, तितके दुर्मीळ औषधांतून वाचणार नाहीत. खानोलकरांनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून पाहिले, पण त्यांचे लक्ष नेहमी काचपट्टीपलीकडच्या माणसाच्या रोजच्या जगण्यावर होते. तो काय नेसतो, काय ओढतो, काय चघळतो, हे विचारल्याखेरीज रोगाची ओळख पुरी होत नाही, हा त्यांनी भारतीय वैद्यकाला दिलेला वारसा आहे.